अवेळी वाजलेले दहा राग

हिंदुस्थानी संगीतात रागाला वेळ असते. ललत पहाटेचा, तोडी सकाळचा, मधुवंती दुपार कलल्यानंतरचा, यमन दिवेलागणीनंतरचा आणि मालकंस मध्यरात्रीचा. मेघला घड्याळ लागत नाही, पाऊस लागतो. आमच्या मुळशीत जून ते सप्टेंबर तो कधीही चालून जाईल.

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने असे दहा राग एकाच लाँगप्ले तबकडीवर आणले. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटे, आणि सगळ्यांना एकच ठेका, डिस्कोचा. तबला नाही, तानपुरा नाही, सतार नाही. सगळे आवाज तीन जपानी यंत्रांचे. एचएमव्हीने ही तबकडी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाने काढली. ती चालली नाही आणि विसरली गेली. पुढे २०१० साली नेदरलँड्समधल्या एका संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपातले संगीतशौकीन चकित झाले. जे संगीत १९८७ साली शिकागोत जन्मले असे ते मानत होते, तसेच काहीतरी पाच वर्षे आधी मुंबईत वाजून गेले होते.

गेल्या पावसाळ्यात एका दिवशी वर्गात मोजकीच मुले आली होती. धडा पुढे नेण्यात अर्थ नव्हता. मी मोबाईलवर या तबकडीतली भैरवी लावली. एका मुलाने लगेच विचारले, "सर, हा कुठला नवा डीजे?" मी १९८२ सांगितले, तर कुणाचा विश्वास बसेना. मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मग तेव्हा लोकांना का नाही आवडलं?" मी काहीतरी उत्तर दिले, पण ते मलाच पटले नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

पडद्यामागचा वादक

चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. १९६०च्या दशकापासून त्यांनी वाद्यवृंदांत गिटार, बेस, स्टील गिटार आणि पुढे विजेवरची कीबोर्ड वाद्ये वाजवली. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या काळातला हा माणूस. 'दम मारो दम'मधले ट्रान्झिकॉर्ड हे वाद्य त्यांनी वाजवले होते. ते गाणे ऐकले नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण, पण वाजवणाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक असेल?

हे त्या काळाच्या रीतीला धरूनच होते. गाण्याच्या तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार आणि चित्रपट एवढी नावे असत. समोर बसलेल्या चाळीस-पन्नास वादकांची नावे नसत. त्यांत गोव्याचे ख्रिश्चन व्हायोलिनवादक होते, मुसलमान सारंगिये आणि तबलजी होते, पारशी होते, शीख होते, महाराष्ट्रीय ढोलकीवाले होते. दिवसाचा मेहनताना घेऊन ते घरी जात. चरणजित सिंग लग्नसमारंभांतही स्वतःचा वाद्यवृंद घेऊन वाजवत आणि सिनेगीतांच्या धून वाजवलेल्या तबकड्याही करत. त्या तबकड्या खपत, कारण धून ओळखीची असे. दहा रागांची ही तबकडी तशी नव्हती. तिच्यात ओळखीचे गाणे एकही नव्हते.

न खपलेली यंत्रे

तिन्ही यंत्रे रोलँड या जपानी कंपनीची होती. ज्युपिटर-८ हा मोठा, महागडा सिंथेसायझर. त्यावर सिंग यांनी रागाचे आलाप आणि ताना वाजवल्या. ठेक्यासाठी टीआर-८०८. तिसरे टीबी-३०३, एक छोटी रुपेरी पेटी. त्या काळात अशी यंत्रे बाहेरून आणणे म्हणजे आयातीचे निर्बंध आणि जबर जकात. ज्याला नव्या आवाजाचे वेड आहे तोच या फंदात पडणार.

टीबी-३०३ची हकीकत मजेशीर आहे. तादाओ किकुमोतो यांनी ती रचली. उद्देश साधा होता. घरी एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला सोबतीला बेस गिटार हवी, ती या पेटीने वाजवावी. पण तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा येईना, आणि तिच्यात सूर भरून ठेवण्याची रीतही किचकट. गिऱ्हाईक फिरकले नाही. सुमारे दहा हजार नग बनवून १९८४ साली कंपनीने उत्पादन थांबवले. जुन्या सामानाच्या दुकानांत त्या पेट्या कवडीमोलाने विकल्या जाऊ लागल्या.

तिथून त्या शिकागोतल्या गरीब कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती लागल्या. त्यांच्यापैकी 'फ्यूचर' नावाच्या तिघांच्या गटाने तिच्या खुंट्या मनाला येईल तशा पिळल्या, आणि चिरकणारा, बुडबुडणारा, घसरणारा एक आवाज निघाला. १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही त्यांची तबकडी आली. त्या संगीताला 'अ‍ॅसिड हाउस' हे नाव पडले आणि पुढच्या दोनतीन वर्षांत त्याने इंग्लंडची तरुण पिढी नाचवली.

या पेटीत एक सोय होती. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाता येई. आपल्याकडे याला मींड म्हणतात. शिकागोच्या पोरांना तो आवाज गमतीदार वाटला. चरणजित सिंग यांच्यासाठी ती गरज होती, कारण मींडेशिवाय राग उभा राहत नाही. एकच सोय दोघांनी वापरली, पण दोघांची कारणे वेगळी होती.

डिस्को आणि गझल यांच्या मधोमध

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. १९८२ साली लोक काय ऐकत होते?

डिस्को ऐकत होते. 'कुर्बानी' १९८० साली आला आणि त्यातल्या एका गाण्याने पंधरा वर्षांची पाकिस्तानी मुलगी नाझिया हसन घराघरांत पोहोचली. १९८१ साली बिद्दू यांच्या संगीतातली तिची 'डिस्को दीवाने' आली. १९८२च्या डिसेंबरात मिथुन चक्रवर्तींचा 'डिस्को डान्सर' लागला, संगीत बप्पी लाहिरींचे. अमेरिकेत मात्र डिस्कोची लाट तोवर ओसरली होती. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका बेसबॉल मैदानात हजारो लोकांसमोर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवण्यात आला होता. म्हणजे डिस्को तिकडे जळाल्यावर इकडे रुजला.

दुसरीकडे लोक गझल ऐकत होते. 'उमराव जान' १९८१चा, 'बाजार' आणि 'निकाह' १९८२चे. गुलाम अली, मेहदी हसन, जगजित-चित्रा यांच्या कॅसेट मध्यमवर्गीय घरांत शिरल्या होत्या. ज्यांना उर्दूचे अलिफ-बे ओळखता येत नव्हते, तेही शेर पाठ करत होते. मराठीत सुरेश भटांच्या गझलांनी मैफली भरत होत्या. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे ही दोनतीन वर्षे मला विशेष वाटतात. एकीकडे पायांना ठेका हवा होता, दुसरीकडे कानांना शब्द हवे होते.

या तबकडीत शब्द नव्हते, म्हणून गझलेचा श्रोता तिच्याकडे वळला नाही. गाणे आणि नाचणारा नायक नव्हता, म्हणून डिस्कोचा श्रोता वळला नाही. राहिला शास्त्रीय संगीताचा श्रोता. त्याने नावात 'राग' वाचून हात पुढे केला असेल आणि 'डिस्को' वाचून मागे घेतला असेल. त्यात बाजार तबकडीकडून कॅसेटकडे सरकत होता. कॅसेट स्वस्त होती. तिच्यावर कव्वाली, भीमगीते, लोकगीते गावोगाव पोहोचली. लाँगप्लेसाठी आधी घरात रेकॉर्ड प्लेअर असावा लागे.

तेव्हा, बाळ, लोकांना ती आवडली नाही असे म्हणता येत नाही. ती ज्यांच्यासाठी होती असा श्रोता त्या वर्षी कुठल्याच रांगेत उभा नव्हता. युरोपच्या हिशेबाने ती पाच वर्षे लवकर आली आणि अमेरिकी डिस्कोच्या हिशेबाने तीन वर्षे उशिरा.

पेटीवरचा खटला

यंत्रावर राग वाजवणे म्हणजे रागाचा अपमान, असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी पेटीचा इतिहास पाहावा.

हार्मोनियम ही फ्रान्समध्ये १८४०च्या दशकात तयार झालेली वस्तू. मिशनऱ्यांबरोबर ती इथे आली, कोलकात्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असे रूप दिले, आणि महाराष्ट्रात संगीत नाटकाने तिला डोक्यावर घेतले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तिला प्रतिष्ठा दिली. तरीही जाणकारांचा आक्षेप कायम होता. तिचे सूर ठरीव, दोन सुरांमधल्या श्रुती तिच्यात नाहीत आणि तिला मींड घेता येत नाही. रवींद्रनाथ ठाकूरांचाही तिला विरोध होता. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ साली सैल झाली. एकतीस वर्षे देशाच्या रेडिओवर पेटी हद्दपार होती, आणि त्याच वर्षांत ती देवळांच्या कीर्तनांत, दर्ग्यांच्या कव्वालीत, गुरुद्वारांत आणि तमाशाच्या फडात बिनदिक्कत वाजत होती.

बंदीच्याही आधी सांगली-मिरजेत एक वेगळा प्रयत्न झाला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त अधिकारी, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीश. दोघांना बावीस श्रुती मोजायच्या होत्या, त्या पेटीत बसवायच्या होत्या. मोजण्यासाठी गळा कुणाचा? किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. एक ब्राह्मण संशोधक, एक मुसलमान उस्ताद आणि एक ख्रिस्ती साहेब मिळून एका परदेशी यंत्राला हिंदुस्थानी सूर शिकवू पाहत होते. ती श्रुतींची पेटी रूढ झाली नाही. पण यंत्र नाकारण्याऐवजी ते सुधारून घेऊ या, असे शंभर वर्षांपूर्वी म्हणणारी ही माणसे आपल्याच मातीतली होती. अब्दुल करीम खाँ मिरजेतच ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या परिसरात विसावले आहेत. तिथल्या उरुसात आजही गवय्ये त्यांच्यासमोर हजेरी लावतात.

त्याच मिरजेतले सतार आणि तंबोरे बनवणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचे काम गेले, तेव्हा त्यांनी भोपळा आणि तारा हाती घेतल्या. आज त्यांची वाद्ये देशभरचे कलावंत वापरतात. ज्याला आपण 'मूळची परंपरा' म्हणतो, तिच्यात धंदा बदललेल्या माणसांची किती मेहनत आहे, हे तिथे दिसते.

खुद्द त्या दहा रागांतही सगळे प्राचीन नाहीत. कलावती कर्नाटक संगीतातल्या वलजी रागावरून उत्तरेत आला. मधुवंती गेल्या शतकात रुळला. बैरागी रूढ करण्याचे श्रेय पंडित रविशंकर यांना दिले जाते. आज आपण जे सनातन समजून ऐकतो, त्यातले बरेचसे कधीतरी नवे होते.

यंत्राची किंमत

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेटी आली तेव्हा सारंगीची जागा गेली. सारंगिये बहुतांश मुसलमान होते. तवायफांच्या कोठ्याशी सारंगीचे नाव जोडले गेल्यामुळे 'सभ्य' मैफलींना पेटी सोयीची वाटली. कित्येक सारंगियांच्या मुलांनी गज खाली ठेवला. सिंथेसायझर आणि ठेक्याची यंत्रे आली, तेव्हा मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांवर तीच वेळ आली. एका कीबोर्डवर वीस व्हायोलिनांचा आवाज निघू लागल्यावर वीस व्हायोलिनवादकांना कोण बोलावणार? चरणजित सिंग यांची तबकडी ज्या यंत्रांवर झाली, त्याच जातीच्या यंत्रांनी पुढे त्यांच्या सोबत्यांचे काम संपवले.

मुळशीत राहणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. इथल्या धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून जी वीज होते, ती मुंबईच्या कामी येते. त्या धरणासाठी ज्यांची भातशेती आणि गावे बुडणार होती, त्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला. तो हरला. धरण झाले, गावे गेली. मुंबईतले स्टुडिओ त्या शहराच्या विजेवर चालत होते आणि त्या विजेत इथल्या पाण्याचाही वाटा होता. यंत्राचा आवाज आवडणे हा गुन्हा नाही. मी तो आवडीने ऐकतो. पण त्या आवाजासाठी कुणीतरी काहीतरी सोडलेले असते, एवढे लक्षात ठेवावे.

'पहिले आम्हीच'

तबकडी पुन्हा कशी सापडली तेही सांगतो. एदो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली होती. त्याने मुंबईत येऊन चरणजित सिंग यांना शोधले आणि २०१० साली आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवर ती काढली. सुरुवातीला कित्येकांना ही थट्टाच वाटली. ब्रिटनमधल्या एका नामांकित इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने खोट्या नावाने हे रचले असावे, अशी वदंता पसरली. मुंबईचा एक सरदारजी १९८२ साली हे करू शकतो, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. सत्तरी ओलांडल्यावर सिंग युरोपातल्या मंचांवर उभे राहिले, नातवंडांच्या वयाची मुले त्यांच्या भैरवीवर नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

मग आपल्याकडचे मथळे सुरू झाले. अ‍ॅसिड हाउसचा शोध भारताने लावला, शिकागोच्या आधी मुंबई. मला इथे थांबून एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मुख्यतः माझ्या मुस्लिम वाचकांसाठी आहे.

शिकागोच्या त्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती, याचा काहीही पुरावा नाही. त्यांनी आपले संगीत आपल्या गरजेतून, आपल्या क्लबांतून, टाकून दिलेल्या यंत्रातून स्वतः उभे केले. ते श्रेय त्यांचे. सिंग यांनीही कधी नव्या पंथाचा दावा मिरवला नाही. सिनेमात सगळीकडे डिस्को चालू होता, म्हणून तबला बाजूला ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत असे वाटले, इतके साधे कारण त्यांनी मुलाखतींत सांगितले. दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसल्या, म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही.

'पहिले आम्हीच' म्हणण्याची सवय आपल्या समाजातही आहे. सतार आणि तबला अमीर खुसरो यांनी शोधला, हे आपण जलशांत, भाषणांत, मुलांच्या निबंधांत वर्षानुवर्षे सांगतो. मीही वर्गात सांगितले आहे. खुसरो तेराव्या-चौदाव्या शतकातले. त्यांच्या विपुल लेखनात सतारीचा किंवा तबल्याचा उल्लेख अभ्यासकांना सापडत नाही. ही वाद्ये आकाराला आली ती अठराव्या शतकातल्या दिल्लीच्या आसपास, आणि सतारीच्या संदर्भात खुसरो खाँ या वेगळ्याच, नंतरच्या कलावंताचे नाव घेतले जाते. नामसाधर्म्याने घोळ झाला असावा. यामुळे अमीर खुसरो लहान होत नाहीत. त्यांची फारसी शायरी, त्यांच्या नावे चालत आलेली हिंदवी आणि निजामुद्दीन औलियांवरची त्यांची माया यांना उसन्या श्रेयाची गरज नाही.

आज आपल्या इतिहासावर संशय घेणारे पुष्कळ आहेत. शाळेच्या पुस्तकापासून गावाच्या नावापर्यंत आपली नोंद पुसली जाते, असे आपल्याला वाटते, आणि ते नेहमीच खोटे नसते. अशा वेळी हाताला येईल तो दावा छातीशी धरावासा वाटतो. पण खोटा ठरणारा एक दावा आपल्या नव्याण्णव खऱ्या गोष्टींवर पाणी ओततो. अब्दुल करीम खाँ यांचे गाणे सवाई गंधर्वांकडून भीमसेन जोशींपर्यंत पोहोचले, मिरजेच्या शिकलगारांचे तंबोरे देशभरच्या मैफलींत लागतात, सारंगियांनी ख्यालाला पिढ्यान्‌पिढ्या साथ दिली. हे सगळे पुराव्यासकट आहे. ते नीट सांगितले तरी पुरे.

चरणजित सिंग यांच्याबद्दलही नीट सांगायचे तर इतकेच सांगता येते. सिनेमाच्या वाद्यवृंदात नाव नसलेल्या एका शीख वादकाने, मुसलमान उस्तादांनी आणि हिंदू पंडितांनी घडवलेले राग, जपानी यंत्रांवर, अमेरिकेहून आलेल्या ठेक्यात वाजवले. ते मनापासून वाजवले, रागाचे सूर सांभाळून वाजवले. त्या वर्षी ते कुणी ऐकले नाही.

ती मुलगी आता पुढच्या वर्गात आहे. परवा पाऊस जोरात होता, वीज गेली होती. तिने दारातून विचारले, "सर, आज मेघ लावणार का?" मी मोबाईल काढला. बॅटरी अकरा टक्के होती. पाच मिनिटांच्या रागाला तेवढी पुरली.